झऱ्यामागचं शास्त्र

वय: वर्षे त्रेसष्ट. उंची: पाच फूट नऊ इंच. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर आम्ल सांडल्याचा पांढरा डाग; सदर डाग कर्तव्य बजावताना पडला. शिक्षण: विज्ञान शाखा. हुद्दा: ज्येष्ठ प्रयोगशाळा सहायक, सेवानिवृत्त. सांप्रत: देवस्थान समितीचे मानद विज्ञान सल्लागार. कार्य: सदर गृहस्थांनी श्रद्धा व विज्ञान यांमधील जुना वाद आपल्या अभ्यासाने कायमचा मिटविला असून पवित्र झऱ्याच्या जलाची शुद्धता प्रयोगांती सिद्ध केली आहे. कौटुंबिक स्थिती: समाधानकारक.

हा परिचय समितीच्या कार्यालयात टाइप झाला. त्यात तसं खोटं असं काही नाही. लबाडी आहे ती तिथंच. ‘शिक्षण: विज्ञान शाखा’ असं म्हटलं आहे. त्या शाखेवर गृहस्थ किती वर चढले ते म्हटलेलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या रसायनशास्त्रात ते दोनदा आपटले आणि तिसऱ्या खेपेला नेमका परीक्षेच्या दिवशी त्यांना ताप आला. पुढे त्याच महाविद्यालयात, त्याच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते काचसामान धुण्याच्या जागेवर चिकटले आणि एकतीस वर्षं धूत राहिले. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, ब्युरेट. मुलांनी बरबटवायचं आणि यांनी लख्ख करायचं. काम चोख होतं. वरपासून खालपर्यंत एकाच जाडीच्या त्या अंगकाठीला मुलं ‘परीक्षानळी’ म्हणत.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, असं म्हणतात. इथं नेमकं उलटं झालं. वाण लागला, गुण बाटलीबंदच राहिला. ‘द्रावण’, ‘अभिक्रिया’, ‘प्रयोगांती’ असे शब्द अंगाला चिकटले आणि निवृत्तीनंतर ते खपवायला जागा हवी होती. देवस्थानात जागा होती. दर रविवारी संध्याकाळी सभागृहात याची व्याख्यानं सुरू झाली आणि लोक याला ‘संशोधक’ म्हणू लागले. आदरार्थी बहुवचन समितीच्या कागदापुरतं ठेवू. संशोधक हा शब्द मात्र आपणही वापरू. फुकटात मिळालेली वस्तू आहे, वापरली म्हणून झिजणार नाही.

व्याख्यानमालेचं नाव होतं ‘त्यामागे शास्त्र आहे’. घंटा का वाजवायची? तिच्या कंपनांनी जंतू मरतात. घंटेखाली जन्म काढलेल्या पुजाऱ्याचा घसा वर्षातून चार वेळा बसतो, पण तो अपवाद. मान का झुकवायची? मेंदूला रक्त मिळतं. डोळे का मिटायचे? डोळ्यांतून ऊर्जा गळते. किती गळते, कशानं मोजली, हे विचारायला कोणी नसे, कारण श्रोत्यांनी डोळे मिटलेले असत. उपास का करायचा? आतड्यांना सुट्टी. जगातल्या सगळ्या ऋषिमुनींनी, संतांनी, साधूंनी जे काही केलं ते म्हणे रक्तदाब आणि पचन यांच्यासाठीच.

यात देवाचा किती अपमान आहे हे एकाही भाविकाच्या लक्षात आलं नाही, आणि विज्ञानाच्या वतीनं रागवायला तिथं कोणी नव्हतं. संशोधकानं देवाला देव म्हणून मान दिला नाही आणि विज्ञानाला विज्ञान म्हणून. देवाच्या दारात जाताना विज्ञानाची चिठ्ठी न्यायची, विज्ञानाच्या दारात जाताना देवाची. दोन्ही घरांत ओळखीवर शिरायचं आणि दोन्हीकडे चहा पिऊन यायचा.

खरी भाविक त्याच्या माहितीत एकच होती. त्याची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत.

अक्का त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि तेव्हापासून तिनं याला पोटच्या पोरासारखा वाढवला. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती चाळीस वर्षं काजं करत होती. शर्टाची सात, कोटाची पाच. नवरा लवकर गेला, मुलगी पदरात. तरी याला आधी शिकवला. हा त्रेसष्टाचा झाला तरी तिच्या तोंडी ‘छोट्या’च. तो प्रयोगशाळेत नेमकं काय करतो हे तिनं कधी विचारलं नाही आणि यानं कधी सांगितलं नाही. शेजारणीला ती म्हणाली, “माझा भाऊ प्रयोग करतो.” त्या वेळी तो तिथंच उभा होता. तो गप्प बसला. चुकीच्या मापाचा शर्ट पहिल्या दिवशीच परत केला तर करता येतो. एकतीस वर्षं अंगात घातल्यावर दुकानदार घेत नाही.

अक्काची श्रद्धा काजासारखी होती, छोटी आणि पक्की. झरा देवाचा, म्हणून पाणी चांगलं. शास्त्र हा छोट्याचा प्रांत. रविवारी ती पहिल्या रांगेत बसे, काहीही कळत नसे, आणि प्रत्येक वाक्याला मान हलवे.

झरा देवस्थानाच्या पाठीमागच्या चढावर, कातळातून फुटे. तिथून पाणी नळीनं खाली झाकलेल्या दगडी टाक्यात येई आणि टाक्याला चार तोट्या होत्या. बाटल्या, कळशा, डबे घेऊन लोक सकाळपासून रांगेत. चढावर आणखी वरच्या बाजूला समितीनं भक्तनिवास बांधला होता. वीस संडास आणि जमिनीखाली एक टाकी. त्या टाकीला तळाचं सिमेंट किती लागलं हे फक्त गवंड्याला माहीत होतं आणि तो गाव सोडून गेला होता. पाणी वरून खाली वाहतं एवढं शास्त्र शाळकरी पोरालाही येतं. संशोधकानं त्यावर कधी व्याख्यान दिलं नाही.

मागच्या वर्षी अक्काला कावीळ झाली. आसपासच्या आणखी अकराजणांना झाली. डॉक्टर म्हणाले, यकृत थकलंय, आता उकळलेलंच पाणी.

“देवाचं पाणी उकळायचं?” अक्का म्हणाली. “देवाला चटके द्यायचे?”

तिची मुलगी, म्हणजे संशोधकाची भाची, सरकारी पाणी तपासणी केंद्रात तंत्रज्ञ होती. ती रोज असल्याच बाटल्या तपासत असे. तिनं आईला दहा वेळा सांगितलं. समजावून, रागावून, रडून.

“तू कालची पोर,” अक्का म्हणे. “छोट्या एकतीस वर्षं प्रयोगशाळेत होता. तो वाईट म्हणाला ना, तर थेंब घेणार नाही. जा, विचार त्याला.”

म्हणजे सगळं प्रकरण एका माणसाच्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं, आणि तो माणूस हा होता.

त्याच सुमारास आरोग्य खात्याचं पत्र आलं. काविळीच्या रुग्णांचा उल्लेख, झऱ्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल सादर करावा, वगैरे. समितीचे अध्यक्ष बांधकामाच्या सामानाचे व्यापारी होते. त्यांनी संशोधकाला बोलावून घेतलं.

“साहेब, तुमचं शास्त्र आता कामाला लावा. एक कागद पाहिजे. शिक्का असलेला. चौकटीत बसवून तोट्यांवर लावू.”

“प्रयोगांती जे निष्पन्न होईल ते…”

“होऊ द्या की निष्पन्न. शुद्ध म्हणून निष्पन्न झालं की सांगा.”

भाचीनं निर्जंतुक केलेली बाटली आणली. कागदात गुंडाळलेली, तोंडाला दोरा. संशोधक म्हणाला, नमुना मी स्वतः घेणार. तिला बरंच वाटलं. मामानं डोळ्यांनी पाहिलं तर आईला सांगेल. मामानं तोट्यांपाशी चार लोक जमवले, बाटली उघडली, आत तळाला पांढरी भुकटी दिसली, आणि हाताला जे येतं ते केलं. बाटली तीनदा विसळली. लख्ख. मग भरली.

“मामा, विसळलीत?” भाचीनं बाटली उजेडात धरली. “आत औषध होतं ना!”

“मळ होता तो.”

“मळ? भट्टीतून काढलेल्या बाटलीत मळ? अहो, पाण्यात क्लोरीन असलं तर ते त्या भुकटीनं मरतं. नाहीतर बाटलीतल्या बाटलीत ते जंतूंना मारत बसतं आणि आपल्याला खरं कळतच नाही.”

“क्लोरीन जंतूंना मारतं,” संशोधक म्हणाला. विधान होतं की प्रश्न, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

“मारतंच की. म्हणून तर शहराच्या पाण्यात टाकतात. जाऊ दे, तुमच्या झऱ्यात कुठलं आलंय क्लोरीन? चालेल हा नमुना.”

ज्या माणसानं आयुष्यभर हातात आलेली प्रत्येक वस्तू धुतली, त्यानं याहून वेगळं काही करावं अशी अपेक्षाच चुकीची होती.

चार दिवसांनी अहवाल आला. भाचीनं तो हातात दिला. आकड्यांच्या तीन ओळी आणि खाली: पिण्यास अयोग्य. मलजन्य जंतू.

“मलजन्य,” संशोधकानं वाचलं.

“म्हणजे भक्तनिवास,” भाची म्हणाली. “मामा, मी खात्यात कळवणारच आहे, पण खातं हलेपर्यंत महिने जातील. तुम्ही आज घरी या. आईला एवढंच म्हणा, अक्का, हे पाणी पिऊ नको. बाकी एक अक्षर नको.”

“सांगतो. योग्य वेळी.”

“योग्य वेळ म्हणजे?”

“अभ्यास करू दे मला. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय असतं.”

ही त्याची खासियत होती. विज्ञानातली सावधगिरी त्याला नेमकी तेव्हा आठवे, जेव्हा ती पळवाटेसारखी दिसे. घंटेनं जंतू मरतात हे सांगताना त्याला एकही नमुना लागला नव्हता.

पण अक्काच्या जिवाचं त्याला काही वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, म्हणून तर पुढचं घडलं. तो दुसऱ्याच दिवशी बाजाराच्या टोकाला, जिथं कोणी ओळखत नाही अशा दुकानात गेला आणि ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन आला. डब्यावर प्रमाण छापलं होतं. टाक्याची लांबी, रुंदी, खोली त्यानं पावलांनी नाही, पट्टीनं मोजली. गुणाकार तीनदा केला. निवृत्तीच्या दिवशी महाविद्यालयातून याच्याबरोबर चुकून घरी आलेला तराजू काढला. सकाळी पुजारी यायच्या आधी बादलीत चाळीस ग्रॅम कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाक्यात सोडायचं, अर्धा तास थांबायचं. बरोबर पद्धत. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस विज्ञान करत होता, आणि तेही चोरून, झाकण अर्धं उचलून, मागेपुढे बघत. लोक जसं पाप करतात तसं.

पाचव्या दिवशी नवी बाटली मागवली. या वेळी विसळली नाही. अहवाल: पिण्यास योग्य.

भाचीनं तो दोनदा वाचला. “मामा, तेच टाकं?”

“तेच.”

“आणि एकदम शून्य?”

“अभ्यास,” मामा म्हणाला.

तिला पटलं नाही, पण कागदावर केंद्रातल्या तिच्या साहेबांची सही होती. समितीनं तो चौकटीत बसवला. पहिला अहवाल संशोधकानं घडी घालून रसायनशास्त्राच्या जुन्या पुस्तकात ठेवला. ते पुस्तक त्यानं उघडण्याची भीती कधीच नव्हती.

मग रोज चाळीस ग्रॅम. दोन महिने. त्या दोन महिन्यांत त्या तोट्यांचं पाणी पिऊन एकही माणूस आजारी पडला नाही. पोटदुखी गेली, लेकरांची हगवण थांबली, आणि लोक नवस फेडायला दुरून येऊ लागले. रांग वाढली. डब्यावर लिहिलेल्या सूचना पाळल्यानं झऱ्याचं माहात्म्य वाढलं, असं जगात फार कमी ठिकाणी झालं असेल. संशोधकानं सभागृहात उभं राहून हे कारण सांगितलं असतं, तर तेवढ्यापुरता का होईना, त्याला माणूस म्हणावं लागलं असतं. तो म्हणाला, झऱ्याच्या खनिजांमध्ये पेशींना जागृत करण्याची शक्ती आहे.

पण पाण्याला वास येऊ लागला होता. हलका, पण येई. कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी विचारलं, “साहेब, पाण्याला कसला वास येतोय म्हणतात?”

संशोधकानं त्या रविवारी खास व्याख्यान दिलं. हजारो भक्तांच्या प्रार्थनेमुळे हवेत सूक्ष्म कंपनं तयार होतात. त्यांच्यामुळे प्राणवायूचं रूपांतर त्याच्याच एका उग्र, शुद्ध रूपात होतं. त्याचा हा गंध. म्हणजे वास जितका जास्त, तितकी प्रार्थना खरी. टाळ्या झाल्या. लोक घरी जाताना तळहातावर पाणी घेऊन हुंगत होते आणि एकमेकांकडे बघून माना डोलावत होते.

पहिल्या रांगेतल्या अक्कानं या वेळी मान हलवली नाही.

“छोट्या,” बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तुझं बोलणं मोठं असतं, मला नाही समजत. पण हा वास मला ठाऊक आहे. मी बाळंत झाले तेव्हा दवाखान्याची फरशी ह्यानंच पुसायचे.”

“अगं, वासात साम्य असतं…”

“त्या टाक्यातनं देव उठून गेलाय. मी आता वर जाते, तोंडाशी. तिथं पाणी अजून आहे तसंच आहे.”

कातळाचं तोंड टाक्याच्या वर एकोणचाळीस पायऱ्यांवर होतं. तिथं ना टाकं, ना झाकण. पाणी फुटतं आणि वाहतं. तिथं चाळीस ग्रॅम कशात कालवणार? पंचाहत्तर वर्षांची अक्का रोज सकाळी, एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातानं गुडघा धरून, एकोणचाळीस पायऱ्या चढू लागली. खाली, झाकणाआड वाकलेला तिचा भाऊ ती जाईपर्यंत तसाच वाकून राही.

आठवडाभर त्यानं हे पाहिलं. आठव्या दिवशी तो तिच्या खोलीवर गेला. जाताना वाटेत त्यानं वाक्य तयार केलं होतं. चांगलं होतं, चार शब्दांचं: अक्का, ते पाणी वाईट.

खोली एकच. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर झाकलेलं फडकं, भिंतीला बटणांचे डबे ओळीनं. मोठी, मधली, बारीक. स्टोव्हवर चहा. मशीनशेजारी तांब्या, त्यावर पालथा पेला.

“ये रे. बस. चहा घे.”

“कसल्या पाण्याचा?”

“नळाच्या. देवाचं पाणी कोणी चहाला वापरतं का?” ती हसली. “ते नुसतं प्यायचं.”

तो बसला. अंगठ्यावरचा डाग चोळत राहिला.

“पोरगी परत भांडून गेली सकाळी,” अक्का म्हणाली. “म्हणे, मामाकडे कागद आहे. पहिला. त्यात वाईट आलंय. मी म्हटलं, असता तर छोट्यानं मला सांगितलं नसतं का? म्हणे, विचार. मी म्हटलं, विचारते. काय विचारू? आता आलायस तर सांग. पाणी वाईट आहे का?”

संशोधकानं तोंड उघडलं.

“तू सांग,” ती म्हणाली. “तू वाईट म्हणालास तर आत्ता, हा तांब्या मोरीत ओतते. तुझ्यासमोर. देवाचं मी बघून घेईन. तू खोटं सांगणार नाहीस एवढं मला कळतं.”

इतका सोपा करून दिलेला पेपर त्याला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. एकच प्रश्न, उत्तर तीन अक्षरी, आणि उत्तर येत होतं. पण ‘वाईट’ म्हटलं की पहिला कागद निघणार होता. मग टाकं, बादली, डबा. मग सभागृह. मग कदाचित पार मागं, धुण्याची मोरी आणि न दिलेली परीक्षा. एका काजातून सगळा शर्ट उसवला असता, आणि समोर बसली होती ती काजं करणारी.

“कसं आहे अक्का,” तो म्हणाला, “विज्ञानात असं एकदम हो किंवा नाही म्हणता येत नाही.”

“मग?”

“शक्यता असतात. प्रमाण असतं. प्रत्येकाची प्रकृती वेगळी. श्रद्धेनं प्रतिकारशक्ती वाढते, त्यामागेही…”

“शास्त्र आहे,” अक्कानं वाक्य पुरं केलं. तिचा चेहरा मोकळा झाला. “बघ. मी सांगत होते पोरीला. वाईट असतं तर तू वाईटच म्हणाला असतास.” तिनं पेला सरळ केला, तांब्यातलं पाणी ओतलं आणि प्यायली. “घे ना चहा. गार होतोय.”

त्यानं चहा घेतला. दोन बिस्किटंही घेतली.

तिसऱ्या आठवड्यात अक्काला ताप आला. चढायचा, उतरायचा नाही. पाच दिवस तिनं अंगावर काढला, सहाव्या दिवशी भाचीनं तिला रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. विषमज्वर. सलाइन, इंजेक्शनं, वॉर्डात खिडकीजवळची खाट. संशोधक रोज दुपारी येई आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राही, जसा मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी बाकाबाहेर उभा राहत असे. कोणाला काही लागलं तर द्यायला.

बाराव्या दिवशी आतडं फुटलं. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर, हिरव्या रंगाच्या बाकड्यावर, त्यानं भाचीला सगळं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. डबा, बादली, चाळीस ग्रॅम, सगळं. सांगताना त्याचा आवाज जरा वर चढला. बहुधा त्याला वाटत होतं की पद्धत बरोबर होती हे कोणीतरी ऐकावं.

भाची त्याच्याकडे बघत राहिली.

“निवळ पाणीच सोडत होतात? चुना बसू देऊन?”

“हो.”

“अर्धा तास थांबून?”

“हो. रोज.”

“मग बरोबरच केलंत की, मामा,” ती म्हणाली. “आम्ही पण हेच सांगतो सगळ्यांना. फक्त तोंडानं सांगायचं होतं. एका माणसाला.”

“लोकांच्या भावना…”

“लोकांच्या नाही म्हणत मी.”

तिनं पर्स उघडली, रुमाल काढला, नाक पुसलं आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाकड्यावर दोघांना पुरेल एवढी जागा होती.

समितीच्या वार्षिक सभेची तारीख आधीच ठरली होती. अध्यक्ष घरी येऊन गेले. दुःखद प्रसंग आहे खरा, म्हणाले, पण पत्रिका छापून झाल्यात, आणि अक्कांनाही हेच आवडलं असतं. संशोधकानं थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, शाल देणार आहात की नुसताच कागद? शाल होती. सभेत त्याला पहिल्या रांगेत बसवलं, परिचय वाचून दाखवला, खूप टाळ्या पडल्या. उत्तरादाखल तो तीन मिनिटं बोलला. शोक केल्यानं अश्रूंवाटे शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात, असं त्यानं सांगितलं.

अक्का सभेच्या अकरा दिवस आधी, मंगळवारी सकाळी, झऱ्याच्या पाण्यानं गेली.